माल चोख, पण फाइल कच्ची

मा. संपादक,

एरोस्पेस क्षेत्रात मी अकाउंट मॅनेजर आहे, म्हणजे साध्या भाषेत विक्रीवाला. विक्रोळीच्या गोदरेजने इस्रोच्या ‘विकास’ या रॉकेट इंजिनाचे काम केले, याचा आपल्याला अभिमान आहेच. रबाळे, अंबरनाथच्या छोट्या वर्कशॉपमध्येही तसाच कसबी हात आहे. पण परदेशी ऑर्डर हातची जाते ती मशीनवर नाही, फाइलमध्ये, म्हणजे कागदपत्रांत.

मध्यंतरी एका पुरवठादाराचे अॅल्युमिनियमचे ब्रॅकेट मापात अगदी चोख होते. फक्त मटेरियल सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातू कुठल्या भट्टीच्या कुठल्या खेपेचा, ते सांगणारा क्रमांक) वेगळाच! सगळा लॉट परत. ‘साहेब, मोजून तर बघा,’ मालक कळवळून सांगत होते. खोटे नव्हते ते. पण धातू कुठल्या भट्टीतून आला हे दाखवता येत नसेल, तर तो भाग विमानाला लावत नाहीत. विमान जमिनीवर अडकून पडले आणि रात्री-अपरात्री फोन आला, तरी भावाआधी ‘रिलीज सर्टिफिकेट (भाग विमानाला लावण्यायोग्य असल्याचा दाखला) आहे ना?’ हेच विचारतात.

१५ जुलै २०२४ पासून विमानाच्या आयात सुट्या भागांवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) झाला, कोटेशनची कटकट कमी झाली. (सहार विमानतळाच्या कार्गोतली धावपळ आहे तशीच!)

मुलाखतीला येणारी डिप्लोमाची मुले सीएनसी (संगणकावर चालणारे मशीन) उत्तम चालवतात, पण ‘एएस ९१००’ हे विमान उद्योगाचे गुणवत्ता मानक म्हटले की गप्प. तंत्रशिक्षण विभागाने फर्स्ट आर्टिकल तपासणीचा, म्हणजे नव्या भागाच्या पहिल्या नगाच्या संपूर्ण तपासणीचा अहवाल मुलांकडून एकदा तरी भरून घ्यावा, ही विनंती.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई