इंजेक्शनआधी रक्ताचा थेंब घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आमच्या फलटण भागात गोचीड तापाने बसलेल्या गायींचे फोन डॉक्टरांना सुरू होतात. खिल्लार त्यातल्या त्यात तग धरते, होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरित गायी मात्र पार खचतात. घाईत गायीला जी सुई मिळते ती बऱ्याचदा अंदाजाने दिलेली असते, आणि माझी तक्रार त्याबद्दलच आहे.

गोचीड ताप म्हणजे एकच आजार नव्हे; गोचिडीतून रक्तात शिरणारे थायलेरिया, बबेसिया, ॲनाप्लाझ्मा हे वेगवेगळे जंतू आणि प्रत्येकाचे औषध वेगळे. थायलेरिया झाला की ताप १०५-१०६ अंशांवर जातो, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी हाताला लागते, दूध आटते. त्यावर औषध ब्युपारव्हाक्वोन. वजनाच्या दर किलोला २.५ मिलिग्रॅम, मानेच्या स्नायूत. बबेसियात लघवी तांबडी-काळपट होते. तिथे डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब चालते. ऑक्सिटेट्रासायक्लिन ॲनाप्लाझ्मावर लागू पडते, पण थायलेरियाच्या गायीला नुसते तेच देत बसले तर मोलाचे दिवस हातचे जातात. आमच्या शेजारच्या गोठ्यात असेच झाले. फोनवर सुई सांगितली गेली, ताप थोडा उतरला म्हणून सगळे निवांत राहिले, आणि नंतर पापणी उलटून पाहिली तर आत पांढरीफटक, म्हणजे अंगातले रक्त पार कमी झालेले. ब्युपारव्हाक्वोन महाग आहे हे खरे, पण उशिरा दिल्यावर तेही फारसे कामाला येत नाही.

गाय अगदी गळाली असेल तर अहवालाची वाट बघा असे मी म्हणणार नाही. पण सुई टोचण्याआधी कानाच्या शिरेतून एक थेंब काचपट्टीवर पसरून वाळवायला कितीसा वेळ लागतो? गिम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले की तांबड्या पेशीतला परजीवी दिसतो. थायलेरिया सुरुवातीला रक्तात सापडत नाही, तेव्हा सुजलेल्या गाठीतला नमुना घ्यावा लागतो. १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करून बोलावलेल्या फिरत्या दवाखान्याने किमान नमुना तरी घेऊन जावा, आणि तालुक्याला तो त्याच दिवशी बघणारा माणूस असावा.

गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवणे, तिथे फवारणी करणे हे आम्हा पशुपालकांचे काम. नुसत्या गायीच्या अंगावर औषध मारून गोचीड हटत नाही. पण थायलेरियाची लस आपल्याच देशात तयार झालेली असून ती गावात का दिसत नाही, याचे उत्तर पशुसंवर्धन खात्याने द्यावे. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, असे सांगितले जाते. मग कृत्रिम रेतनाच्या कांड्या वाडीवस्तीवर पोचतात त्या कशातून?

आपला,
एक दूध उत्पादक, जि. सातारा