डीजे कंट्रोलर घेण्याआधी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुन्या छंदांकडे पुन्हा वळणाऱ्यांविषयी अधूनमधून वाचायला मिळते, पण त्यात डीजेच्या छंदाचा उल्लेख कधी आढळत नाही. मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींनाच आपल्याकडे ‘डीजे’ म्हटले जाऊ लागल्याने, घरातल्या खोलीत हेडफोन लावून दोन गाण्यांची लय जुळवत बसणारा हौशी माणूस कोणाच्या नजरेसमोर येत नाही. मी त्यांपैकी एक. नव्वदच्या दशकात महाविद्यालयाच्या गॅदरिंगला आणि सोसायटीच्या कोजागिरीला दोन कॅसेट डेक आणि एक छोटा मिक्सर घेऊन मी गाणी लावत असे. पेन्सिलीने फीत फिरवून पुढचे गाणे नेमक्या जागी आणून ठेवणे ही तेव्हाची तयारी. वीस-बावीस वर्षांच्या खंडानंतर परतताना माझ्याकडून झालेली चूक इतरांकडून होऊ नये, यासाठी हे पत्र.

मी आधी यंत्र घेतले. चकत्या आणि बटणे असलेला, संगणकाला जोडायचा कंट्रोलर वापरलेला पण नव्यासारखा दिसणारा, स्वस्तात मिळाला, आणि घरी आल्यावर कळले की माझ्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची संगणकाला ओळख करून देणारा प्रोग्रॅम, उत्पादकाने काढलेलाच नाही. कंट्रोलर स्वतः गाणे वाजवत नाही. गाणे सॉफ्टवेअर वाजवते आणि कंट्रोलर त्याला आज्ञा देतो, हे मला तेव्हा उमगले नव्हते. 2004 साली ‘सेराटो स्क्रॅच लाइव्ह’ या डीजे सॉफ्टवेअरबरोबर आलेली, टर्नटेबल संगणकाला जोडणारी राने कंपनीची एसएल-1 ही पेटी एके काळी व्यावसायिकांच्या नित्य वापरात होती, पुढे ते सॉफ्टवेअर बंद झाले आणि त्याच्या जागी आलेल्या ‘सेराटो डीजे’मध्ये ती पेटी चालत नाही. पेटी बिघडलेली नसते, तरी निरुपयोगी ठरते.

म्हणून सुरुवात सॉफ्टवेअरपासून करावी, आणि तीही खर्च न करता. ‘मिक्स’ (इंग्रजी नावात शेवटी तीन एक्स) हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर मोफत चालते. रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर आणि व्हर्च्युअल डीजे यांच्याही मोफत किंवा चाचणीच्या आवृत्त्या उतरवून घेता येतात. क्लबमध्ये पेनड्राइव्ह घेऊन जाणाऱ्याला रेकॉर्डबॉक्स सोयीचे, कारण तेथे बहुधा पायोनियरचीच यंत्रे असतात आणि रेकॉर्डबॉक्स त्या यंत्रांसाठीच बनवलेले आहे. घरी वाजवणाऱ्याला हा मुद्दा फारसा लागू नाही. त्याच्यासाठी खरी कसोटी आहे ती स्वतःच्या गाण्यांची.

ही सॉफ्टवेअरे मुख्यतः यंत्रावर बांधलेल्या, एकाच वेगाने चालणाऱ्या नृत्यसंगीताच्या गरजेतून घडली आहेत. गाणे तपासून ती त्यावर समान अंतरावर ठेक्याच्या रेघा आखतात, आणि ‘सिंक’ बटण त्या रेघा एकमेकींवर बसवते. आपली जुनी चित्रपटगीते मात्र सबंध वाद्यवृंद एकत्र बसवून ध्वनिमुद्रित झालेली. अंतऱ्यात लय किंचित चढते, मुखड्याला परत येताना सैलावते. पहिल्या कडव्यात बरोबर बसलेली रेघ तिसऱ्या कडव्यापर्यंत तबल्यापासून दूर गेलेली असते. अनेक कोळीगीतांच्या सहा मात्रांच्या ठेक्यात तर सॉफ्टवेअर वेगच चुकीचा मोजते. रेकॉर्डबॉक्समध्ये बदलत्या लयीसाठी वेगळी ‘डायनॅमिक’ तपासणी आहे आणि सेराटोत रेघा हाताने जागोजागी सरकवता येतात, पण कानाने लय जुळवण्याची जुनी सवय अशा वेळी जास्त कामाची ठरते, असा माझा अनुभव आहे. आपल्या आवडीची दहा गाणी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहावीत. कोणते जवळचे वाटते, ते दोन संध्याकाळींत कळते.

त्यानंतरच यंत्राकडे वळावे, आणि त्यात सर्वप्रथम साउंड कार्ड पाहावे. लॅपटॉपला आवाज बाहेर जायला साधारणपणे एकच वाट असते, आणि डीजेला दोन लागतात : एक श्रोत्यांसाठी, दुसरी पुढचे गाणे हेडफोनमध्ये आधी ऐकण्यासाठी. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स4 किंवा हर्क्युलिसचा इनपल्स 200 यांसारख्या सुरुवातीच्या कंट्रोलरमध्ये ही सोय आतच असते, त्यामुळे हौशी माणसाला त्याहून महाग यंत्राची घाई नसावी. ज्यांच्या माळ्यावर टेक्निक्स एसएल-1200 टर्नटेबलांची जोडी जपून ठेवलेली आहे, त्यांनी ती मुळीच विकू नये. सांकेतिक ध्वनी भरलेल्या तबकड्या आणि योग्य इंटरफेस (वर सांगितली तशी जोडणारी पेटी) घेतला की त्याच टर्नटेबलांवरून संगणकातली गाणी हाताळता येतात. चकतीवरचा हात आणि कानावरचा आवाज यांत अंतर जाणवले, तर सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी साठवून ठेवला जाणारा तुकडा, कमी करून पाहावा : 44,100 हर्ट्झला 2048 नमुन्यांचा बफर सुमारे 46 मिलिसेकंदांचा विलंब करतो, 256 चा सहा मिलिसेकंदांहून कमी.

गाणी शक्यतो स्वतःच्या संग्रहातली, 320 केबीपीएस किंवा त्याहून चांगल्या प्रतीची असावीत. जुलै 2020 मध्ये स्पॉटिफायने डीजे सॉफ्टवेअरांशी असलेली जोडणी बंद केली, तेव्हा केवळ तिच्यावर विसंबलेल्यांच्या याद्या एका दिवसात निकामी झाल्या.

विक्रेत्यांना एक विनंती आहे. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, ग्राहकाने आपला लॅपटॉप सोबत आणला, तर पैसे घेण्याआधी कंट्रोलर त्याला जोडून, दोन गाणी हेडफोनवर वाजवून दाखवावीत. सोबत मिळणारे सॉफ्टवेअर पूर्ण आहे की कमी सोयींचे, आणि पूर्ण आवृत्तीसाठी निराळे पैसे मोजावे लागतील का, हेही तेव्हाच स्पष्ट सांगावे. या कामाला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली