‘उद्या ये’ म्हटलं तरी परत या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागल्यापासून आपल्या पुरवणीत कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी सल्ले येत आहेत. वेळापत्रक करा, ध्येय ठरवा, मोबाइल कमी बघा. चुकीचं त्यात काही नाही. पण मी लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या ऑफिसात १९८९ ते २०२० अशी ३१ वर्षं कारकुनी केली. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती ही तिन्ही टेबलं फिरून फिरून माझ्याकडे आली. वेळापत्रक नव्हतं म्हणून वर्ष गेलेलं पोरगं मला आठवत नाही. खिडकीपाशी येऊन विचारलं नाही म्हणून वर्ष गेलेली मात्र दर साली दोन-चार निघायची. म्हणून हे पत्र. ते पोरांसाठी आहे, आणि थोडं माझ्यासारख्या खिडकीच्या आत बसणाऱ्यांसाठीही.

शाळेत दोन दिवस गैरहजर राहिलं की सर वर्गातल्या कुणाला तरी घरी पाठवतात. बोर्डाचा फॉर्म शाळाच भरून घेते, हॉल तिकीट शाळाच हातात देते, फोटो द्यायचा राहिला तर शिपाईमामा रस्त्यात गाठून आठवण करतो. कॉलेजात तुम्ही आलात काय आणि नाही आलात काय, घरी कुणी येत नाही. परीक्षेचे फॉर्म सुटल्याची नोटीस फळ्यावर लागते, नाहीतर ग्रुपवर पडते आणि शे-दीडशे ‘शुभ सकाळ’खाली गाडली जाते. ती शोधून वाचायचं काम तुमचं. हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यांना ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगण्यासारखं वाटतच नाही.

२००७ सालची गोष्ट. बी. कॉम. पहिल्या वर्षाचा एक मुलगा, तांड्यावरचा, किडकिडीत. परीक्षा फॉर्मचे दिवस, खिडकीसमोर रेटारेटी. हा सगळ्यात मागे. नंबर जवळ आला की कुणीतरी मध्ये घुसायचं आणि हा बाजूला व्हायचा. शेवटी पुढे आला तेव्हा दीड वाजला होता आणि मी डबा उघडत होतो. ‘उद्या ये,’ म्हणालो आणि खिडकी लावून घेतली. त्यानंतर तो आलाच नाही. फॉर्मची मुदत संपली, लेट फीचीही संपली. तारखेची नोटीस फळ्यावर होती, पण तिच्यावर गॅदरिंगची नोटीस टाचलेली होती. टाचणारा मीच.

दोन वर्षांनी तो मला स्टँडवर भेटला. त्यानंच हाक मारली. मी विचारलं, ‘अरे, फॉर्म भरायला परत का आला नाहीस?’ तो हसला. म्हणाला, ‘सर, तुम्ही उद्या ये म्हणलाव. आलतो की. उद्या ऐतवार होता, गेटाला कुलूप होतं.’ आणि सोमवारी? ‘सोमवारी आमची टोळी निघाली कारखान्याला.’

मी काही बोललो नाही. काय बोलणार?

त्या दिवसापासून ‘उद्या ये’ म्हणायच्या आधी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागलो. पण सगळेच कारकून बघतील याची हमी मी देणार नाही. तेव्हा पोरांनो, आतला माणूस ‘उद्या ये’ म्हणाला तर तिथंच उभं राहायचं आणि विचारायचं: उद्या सुट्टी तर नाही ना? शेवटची तारीख कोणती? पैसे किती आणि कागद कोणकोणते? हे वहीत लिहून घ्यायचं. त्याच्यासमोर लिहायचं. लिहिणाऱ्या पोराला कारकून जरा जपून उत्तर देतो, हे आतल्या गोटातलं सांगतो. तो खेकसला तर खेकसू द्या. त्याचं बीपी वाढेल, तुमचं वर्ष वाचेल.

ऊसतोडीच्या टोळीची गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे, आणि पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांच्या यादीत ती कधीच नसते. सेमिस्टरमुळे परीक्षा वर्षातून दोनदा आणि फॉर्मही दोनदा. पहिल्या सेमिस्टरचा फॉर्म दसरा-दिवाळीच्या आगेमागे येतो. नेमक्या त्याच दिवसांत आई-बाप कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकात जातात आणि घरी उरतात आजी, म्हैस आणि हे पोरगं. आजीजवळ पैसे नसतात, आणि वडिलांची सही लागणारा कागद हटकून तेव्हाच निघतो. म्हणून मुकादमाची उचल, म्हणजे तोडीची आगाऊ रक्कम, घरात आली की त्यातून फॉर्मचे पैसे आधी बाजूला काढून ठेवायला सांगा. वडिलांच्या आधारची आणि रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, ज्या अर्जावर सही-अंगठा लागतो तो अर्ज, हे सगळं दसऱ्याआधी एका पिशवीत घाला. बैलगाडी सांगलीच्या वाटेला लागल्यावर अंगठा कुठून आणणार?

कागदांचं बोलायचं तर मी रात्रभर बोलेन, पण थोडक्यात आवरतो. एका वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, तेव्हा तहसीलची रांग एप्रिल-मेमध्येच धरा. जूनमध्ये सेतूवर जत्रा असते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज एकदा भरला म्हणजे तीन वर्षांची सोय झाली असं समजू नका, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. आता ते खातं कोणतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. एक मुलगी सहा महिने माझ्याशी भांडत होती की कॉलेजनं शिष्यवृत्ती खाल्ली. शेवटी निघालं की सिमकार्ड घेताना अंगठा लावला तेव्हा तिच्या नावानं एक खातं उघडलं गेलं होतं आणि पैसे तिथं जाऊन बसले होते. बँकेत जाऊन विचारा, आधार कुठल्या खात्याला जोडलंय. फुकट सांगतात.

नावाचंही तसंच. दहावीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, आडनाव आधी, आधारवर मागे, वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. शाळेत असताना हे कुणाला खुपत नाही. कॉलेजात क्रेडिटचं खातं, म्हणजे विषयांचे श्रेयांक जमा होतात ते ऑनलाइन खातं, उघडायला गेलात की तेच एक अक्षर आडवं येतं. टीसी हातात घेताना घाई करू नका, शाळेच्या व्हरांड्यातच बसून अक्षर न् अक्षर वाचा, चूक दिसली तर तिथूनच परत आत जा. विद्यापीठाच्या मेमोवर चूक उमटली की नांदेडला विद्यापीठात, विष्णुपुरीची वारी ठरलेली. तरी तुमचं नशीब चांगलं. १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत मी फॉर्मांचे गठ्ठे मांडीवर घेऊन रात्रीच्या एसटीनं औरंगाबादला जायचो. पोरांचा फायदा झाला तो झालाच, आम्हा कारकुनांची झोपही वाचली.

आणि मुलींसाठी एक. बारावीपर्यंत तुम्हाला एसटीचा पास फुकट होता. पहिल्या वर्षाला आलात की तो थांबतो आणि सवलतीचा पास पैसे भरून काढावा लागतो. जूनमध्येच घरात हे पैसे धरायला सांगा. पासाचे पैसे नाहीत म्हणून ऑगस्टपासून घरी बसलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांनी ऑफिसात येऊन सांगितलं असतं तर आम्ही प्राध्यापकांकडून वर्गणी काढून दिली असती. दोघींना दिलीही होती.

आता खिडकी बरीचशी मोबाइलमध्ये गेली आहे. २०२५ पासून अकरावीचेही प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, दहापर्यंत पसंती भरायच्या, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागणार, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मित्रानं पहिलं लिहिलं म्हणून आपणही तेच पहिलं लिहायचं, ही गंमत महागात पडते. त्याहून मोठा घोळ नेट कॅफेत होतो. पोरगं खुर्चीमागे उभं आणि फॉर्म भरणारा दादा स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. मग ओटीपी त्याच्याकडे, मेसेज त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्या डोक्यात, आणि दादा भाच्याच्या लग्नाला परभणीला. नंबर घरातला द्या आणि पासवर्ड वहीत लिहा.

एवढं सगळ्यांना सांगणारा मी, पण माझ्याच घरात काय झालं तेही सांगायला हवं. माझी धाकटी मराठी माध्यमातून दहावीला ९१ टक्के घेऊन लातूरला अकरावी सायन्सला गेली. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून नांदेड, परभणी, बीडहून पोरं येतात, आमचं तर घरचंच. सकाळच्या पहिल्या एसटीनं तिचा डबा जायचा: दोन भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. ऑगस्टमध्ये एकदा त्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी निघाली. ‘बाबा, वर्गात मला काहीच कळत नाही. आईला सांगू नका.’ तिच्या आईनंच डबा उघडला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो. वाटलं होतं पोरगी अभ्यासात मागे पडली. बसून बोललो तेव्हा ध्यानात आलं की तिला विषय येत होता, फक्त विषयाची भाषा बदलली होती. तंतुकणिका तिला पाठ होती, मायटोकॉन्ड्रिया कोण ते माहीत नव्हतं. संवेग माहीत होता, सर मोमेंटम म्हणत होते. लग्नात नाव बदललेल्या मैत्रिणीला कुणी नव्या नावानं हाक मारावी आणि आपण इकडेतिकडे बघावं, तसं चाललं होतं. मी एक दोनशे पानी वही घेऊन दिली. डाव्या बाजूला दहावीच्या पुस्तकातला शब्द, उजव्या बाजूला सरांच्या तोंडचा. रोज दहा. आणि तास संपल्यावर सरांना गाठून ‘हा शब्द पुन्हा सांगा’ म्हणायची सक्ती केली. पहिल्यांदा म्हणताना तिला घाम फुटला, असं तिनंच सांगितलं. सरांनी शब्द फळ्यावर लिहून दाखवला, आणि मागच्या बाकावरच्या पाच-सहा जणांनी गुपचूप तो वहीत उतरवून घेतला. न विचारणारी ती एकटीच नव्हती. बारावीला तिला दहावीइतके मार्क पडले नाहीत. आम्ही ते फारसं मनाला लावून घेतलं नाही.

कॉलेजांना माझी विनंती मोठी नाही. जून-जुलैत खिडकीबाहेर एक टेबल टाका आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दोन पोरं तिथं बसवा. पोरं कारकुनाला भितात, पण आपल्याच बोलीत बोलणाऱ्या पोराला भीत नाहीत. आता विषय निवडतानाच मेजर, मायनर, क्रेडिट असे शब्द अंगावर येतात. ते समजावून सांगायला आमच्यासारख्यांपेक्षा नुकतीच त्यातून गेलेली पोरं बरी. आणि नोटिशीवर नोटीस टाचू नका.

संपादकसाहेब, आपल्याकडेही एक मागणं आहे. सोयाबीन आणि तुरीचे भाव आपण रोज न चुकता छापता, आणि ते आम्ही वाचतो. दसऱ्याच्या आधी एक पंधरवडा आणि पुन्हा उन्हाळी परीक्षेच्या फॉर्मांच्या वेळी, त्याच भावांच्या शेजारी एक बोटभर चौकट द्या: कुठल्या विद्यापीठाचा फॉर्म, शेवटची तारीख, लेट फीची तारीख. पोरानं नाही वाचली तर भाव बघताना बाप वाचेल.

आपला,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक
ता. अहमदपूर, जि. लातूर