पदरमोड करून काम आणि मजुरीसाठी महिनोन्महिने वाट: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: मिस्ट्री शॉपर म्हणून काम करणाऱ्यांची मजुरी, अडकणारे पैसे आणि कायद्याचं संरक्षण

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला राहते आणि मिस्ट्री शॉपरचं काम करते. कपड्यांचं शोरूम, बर्गर-पिझ्झाचं आउटलेट, पेट्रोल पंप, बँकेची शाखा, गाड्यांची डीलरशिप अशा ठिकाणी साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं. वागणूक कशी मिळाली, किती वेळ लागला, बिल न मागता दिलं का, हे सगळं लक्षात ठेवायचं आणि घरी येऊन कंपनीच्या पोर्टलवर अहवाल भरायचा. मोठमोठे ब्रँड आपल्याच दुकानांवर नजर ठेवण्यासाठी हे काम करून घेतात. आपण कोण आहोत हे दुकानात कळू द्यायचं नाही, ही कामाची पहिली अट. त्यामुळे आपल्या खात्याच्या कागदावरही आम्ही कधी आलो नसू, तर त्यात नवल नाही.

या कामाला कमी लेखू नये अशी विनंती आहे. आपल्या देशात विमा एजंटांकडे असेच ग्राहक बनून माणसं पाठवून संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा एजंट ग्राहकाच्या गरजेपेक्षा स्वतःच्या कमिशनकडे बघून पॉलिसी गळ्यात मारतात हे पुराव्यानिशी दिसलं. नाणी आणि फाटक्या नोटा बदलून मिळतात की नाही हे पाहायला रिझर्व्ह बँकही ओळख न सांगता माणसं शाखांत पाठवते. ग्राहकाच्या जागी उभं राहून खरं काय घडतं ते सांगणारं दुसरं साधन नाही. आमच्या अहवालांवर दुकानाच्या मॅनेजरचा बोनस ठरतो, फ्रँचायझीला नोटीस जाते. आणि हा अहवाल लिहिणाऱ्या बाईला त्याचे दीडशे, दोनशे, फार तर चारशे रुपये मिळतात. तेही मिळाले तर.

एका भेटीत काय काय असतं ते सांगते, म्हणजे दोनशे रुपये कशाचे ते कळेल. आधी दहा-बारा पानांची सूचनापत्रिका वाचायची. मग तिच्यावरची ऑनलाइन परीक्षा द्यायची. तिला पैसे नाहीत, आणि नापास झालं तर कामही नाही. मग ठरलेल्या वेळेत, समजा संध्याकाळी सात ते नऊ, दुकानात पोचायचं. दारात पाऊल टाकताच पर्समधल्या मोबाइलवर घड्याळ सुरू करायचं, कारण किती सेकंदांत स्वागत झालं हा पहिलाच प्रश्न असतो. काउंटरवरच्या मुलाच्या बॅजवरचं नाव वाचायचं, पण टक लावून बघायचं नाही. ऑर्डर परत वाचून दाखवली का, मोठा पॅक घ्या असं सुचवलं का, ट्रे ओला होता का, फ्राइज गरम होत्या का, स्वच्छतागृहात साबण होता का, दाराच्या मागे सफाईचा तक्ता लावला होता का आणि त्यावर शेवटची सही किती वाजताची होती. खातानाच कोपऱ्यातून, कुणाच्या नजरेत न येता, पदार्थाचा, टेबलाचा आणि बिलाचा फोटो काढायचा. घरी आल्यावर साठ-सत्तर प्रश्न आणि प्रत्येक 'नाही'च्या खाली चार ओळींचं स्पष्टीकरण. बारा तासांच्या आत अपलोड. प्रवास, भेट आणि लिखाण मिळून अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाचे दोनशे रुपये, आणि रिक्षाचं भाडं त्यातूनच.

हा दर इतका खाली का येतो, त्याचं उत्तर मधल्या साखळीत आहे. ब्रँड काम देतो ऑडिट एजन्सीला. एजन्सी शॉपर शोधण्याचं आणि तारखा लावण्याचं काम शेड्यूलिंग कंपनीकडे सोपवते. ती कंपनी शहरातल्या एखाद्या कोऑर्डिनेटरला सांगते, आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो: 'नाशिक, दोन लोकेशन, अर्जंट.' ब्रँडने एका भेटीचे किती मोजले हे आमच्यापर्यंत कधीच पोचत नाही. मधल्या प्रत्येकाचा वाटा आधी निघतो आणि उरेल ती मजुरी.

शेड्यूलिंगवाल्यांचं हित एकाच गोष्टीत असतं: सगळी लोकेशन्स कमीत कमी पैशात भरायची. महिन्याच्या सुरुवातीला एखाद्या दुकानाचे दोनशे सांगतात. जो प्रामाणिकपणे लगेच होकार देतो त्याला दोनशेच. वीस-पंचवीस तारीख उलटली आणि तीच शाखा रिकामी राहिली, की फोन सुरू होतात. 'ताई, एवढं एक करून द्या, महिना क्लोज करायचाय.' तेव्हा त्याच कामाचे साडेतीनशे होतात. म्हणजे साडेतीनशे द्यायची ऐपत पहिल्या दिवसापासून होती. आम्ही सुरुवातीलाच अडीचशे मागितले, तर पुढच्या महिन्यात आपल्या नावाला काम येत नाही. कुणी काढून टाकल्याचं सांगत नाही. पोर्टलवर फक्त 'सध्या उपलब्ध नाही' दिसत राहतं.

बाहेरगावच्या कामांत तर अजूनच हाल. सिन्नर, मालेगाव, येवला अशा गावांना स्थानिक शॉपर मिळत नाही, मग नाशिकच्या बायकांना विचारलं जातं. 'तीन लोकेशन एकत्र देतो, म्हणजे प्रवास सुटेल' असं सांगून मालेगावला पाठवतात आणि आपण एसटीत बसल्यावर निरोप येतो की त्यातली दोन रद्द झाली. जाऊन-येऊन सगळा दिवस मोडतो, हातात एकच काम. राज्य सरकारने मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट केलं, म्हणून ही कामं आम्हाला कशीबशी परवडतात. पण महोदय, याचा अर्थ असा की महिलांसाठी दिलेल्या सवलतीचा फायदा शेवटी या एजन्सींच्या पदरात पडतो. प्रवासखर्च त्यांनी द्यायला हवा होता, तो सरकारी तिजोरी आणि आम्ही मिळून सोसतो.

मजुरी कमी असणं ही एक गोष्ट झाली. त्याहून मनाला लागतं ते स्वतःच्या पैशांचं अडकणं. खाण्याचं, कपड्यांचं किंवा पेट्रोलचं ऑडिट असेल तर खरेदी आपल्याच पैशांनी करायची. अहवाल मंजूर झाल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत ते परत मिळतात. मंजुरी मिळायला दोन-तीन आठवडे, आणि पैसे मंजुरीनंतरच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे आज खर्च केलेले चारशे रुपये दोन महिन्यांनी हातात. घरखर्चातून काढलेले असतात ते. महिन्याला पाच-सहा अशी कामं घेणाऱ्या बाईचे चार-पाच हजार कायम कंपनीकडे बिनव्याजी पडून असतात.

आणि अहवाल नामंजूर झाला तर? एकदा मुंबई-आग्रा महामार्गावरच्या एका आउटलेटचं काम मी केलं. बिल थर्मल कागदावरचं होतं, मशीनची छपाई फिकी, त्यामुळे फोटोत वेळेचे आकडे पुसट आले. बाकी सगळं स्पष्ट होतं: तारीख, बिल क्रमांक, रक्कम. वेळ सिद्ध करायला ऑनलाइन पेमेंटची नोंदही मी जोडली. तरी शेरा आला, 'बिल अस्पष्ट, अहवाल अमान्य.' मजुरी गेली, जेवणाचे पैसेही गेले. दाद मागायला पोर्टलवर जागा नाही, कोऑर्डिनेटर म्हणतो माझ्या हातात नाही, एजन्सी ईमेलला उत्तर देत नाही. माझा अहवाल, माझे फोटो मात्र त्यांच्याकडेच राहिले. ते ब्रँडला दिले की खरंच फेकले, हे मला कधीच कळणार नाही.

अशा वेळी दुसरा कामगार मालकाच्या दारात जाऊन उभा राहतो. आम्हाला ती सोय नाही. ब्रँडला लिहावं तर गोपनीयतेचा करार मोडतो. दुकानात तोंड उघडावं तर ओळख फुटते. आपसात एखाद्या कामाच्या दराबद्दल बोललं तरी करारभंग म्हणून नाव काढतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रात्रीच्या वेळी हायवेवरच्या पंपावर एकटीने जायचं, एखाद्या डीलरशिपमध्ये संशय आला तर तिथल्या लोकांचे प्रश्न एकटीने झेलायचे, आणि विमा नाही, मागे कुणी उभं नाही. करारात आमचं नाव 'स्वतंत्र कंत्राटदार' असतं. दर ते ठरवतात, वेळ ते ठरवतात, कपडे कोणते घालायचे आणि काय मागवायचं तेही ते ठरवतात.

कायद्याचा मार्ग मी शोधून पाहिला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा असा सल्ला मिळाला, कारण २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे न देणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. कायदा चांगला आहे. पण त्यासाठी वर्क ऑर्डर लागते, आणि आमच्याकडे असतो व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज. तीनशे रुपयांसाठी कंपनीविरुद्ध या कायद्याखालच्या तक्रार परिषदेकडे जाणारी बाई पुढच्या कामाला मुकणार हे तिलाही माहीत असतं.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झाली. तिच्यात गिग कामगाराची व्याख्या आहे: मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर राहून काम करणारा आणि त्यातून कमावणारा. त्यात आम्ही तंतोतंत बसतो. पण सगळी चर्चा डिलिव्हरीवाल्यांभोवती आणि टॅक्सीवाल्यांभोवती फिरते. त्यांचे प्रश्न मोठे आहेत, याबद्दल दुमत नाही. मात्र लाभासाठी केंद्राच्या मसुदा नियमांत एका कंपनीकडे वर्षात ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम अशी अट आली. आमचं काम पाच एजन्सींत विखुरलेलं. भेटीचा दिवस, अहवालाचा दिवस की मंजुरीचा दिवस, यातला कोणता धरायचा आणि तो कोण मोजणार? अहवाल अमान्य झाला तर तो दिवस काम केल्याचा धरणार की नाही?

महोदय, एकच कायमचा मालक नसलेल्या कामगाराचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने फार आधी दिलेलं आहे. आज इथल्या व्यापाऱ्याचा माल, उद्या तिथल्या, अशी टोळीने हमाली करणाऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १९६९चा माथाडी कायदा आला. व्यापारी, कामगार आणि सरकार यांचं मंडळ बसलं. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार. पुढे १९८१मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. हमालाला मालक कोण हे विचारत बसण्याऐवजी माल कुणाचा उतरला हे विचारलं गेलं. आमच्या बाबतीतही अहवाल कुणाच्या उपयोगी पडला, एवढंच विचारावं. उत्तर सरळ आहे: ब्रँडच्या.

राजस्थानने २०२३मध्ये आणि कर्नाटकाने २०२५मध्ये आपापले गिग कामगार कायदे केले. कर्नाटकात तर कामगाराला काढायचं झालं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची आगाऊ सूचना द्यावी लागते. महाराष्ट्राने असा कायदा करावा आणि त्यात फक्त ॲपवरच्या गाड्या न धरता फील्ड ऑडिट आणि मिस्ट्री शॉपिंगची कामंही नावानिशी घालावीत, ही माझी मुख्य मागणी आहे. त्यात मला सगळ्यात तातडीचं वाटतं ते पदरमोडीचं. शॉपरने कामासाठी स्वतःचे पैसे खर्च केले असतील, तर अहवाल मंजूर असो वा नसो, ते सात दिवसांत परत मिळाले पाहिजेत. तो खर्च कंपनीच्या सांगण्यावरून झालेला असतो. मजुरीचा वाद वेगळा चालू द्या, जेवणाचं बिल त्यात अडकवू नका.

मजुरीचं म्हणाल, तर काम देण्याआधी दर, प्रवासखर्च आणि पैसे मिळण्याची तारीख लेखी मिळावी, भले मेसेजवर. अहवाल नाकारला तर कारण आणि दाद मागायची एक जागा हवी, आणि नाकारलेला अहवाल ब्रँडला वापरता येऊ नये. शॉपर निघाल्यावर कंपनीने काम रद्द केलं तर प्रवास आणि निम्मी मजुरी द्यावी. एकाच शाखेच्या एकाच कामाचा दर महिन्याअखेर वाढवला, तर आधी केलेल्यांनाही तोच मिळावा. आणि मजुरीबद्दल कामगार आयुक्तांकडे तक्रार करणं हा गोपनीयतेचा भंग धरला जाणार नाही, हे कायद्यातच लिहावं. या एका वाक्याने आमच्या तोंडावरचा हात निघेल.

जाता जाता आणखी एक. आमच्या कामाच्या नावावर फसवणुकीचं पीक आलंय. 'मिस्ट्री शॉपर व्हा, घरबसल्या कमवा' म्हणून नोंदणीचे पैसे उकळतात, किंवा आधी थोडे देऊन मग मोठी रक्कम भरायला लावतात. शॉपरकडून नोंदणी शुल्क घेणारी कंपनी खरी नसते, हे कामगार खात्याने जाहीर करावं आणि खऱ्या एजन्सींची नोंदणीकृत यादी लावावी. फसलेल्यांनी सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवावं, एवढं सांगून भागणार नाही. खरं कोण आणि खोटं कोण, हे आधी कळायला हवं.

हे पत्र मी नावानिशी लिहू शकत नाही, कारण नाव दिल्याच्या दिवशी माझी सगळी पोर्टलं बंद होतील. पण माझ्याकडे करारपत्रं आहेत, नाकारलेल्या अहवालांचे शेरे आहेत, दरांचे मेसेज तारखांसह आहेत. माझ्यासारखं काम करणाऱ्या नाशिक, पुणे आणि संभाजीनगरच्या काही जणीही कागद घेऊन यायला तयार आहेत. आपल्या खात्याने एखाद्या अधिकाऱ्यासमोर, आमची नावं एजन्सींना कळणार नाहीत या हमीवर, आमचं म्हणणं ऐकून घ्यावं. नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात बोलावलंत तरी चालेल. तारीख कळवा, आम्ही येऊ.

आपली विश्वासू,
एक मिस्ट्री शॉपर, नाशिक