तेल किनाऱ्याला लागतच नाही

जॉर्जटाउन, गयाना, दक्षिण अमेरिका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं तेल निघतंय, पण देशाच्या पदरात काय पडतं?" फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

मुंबई हायवर तुम्ही होतात तेव्हा क्रूड पाइपलाइनने उरणला यायचं. इथलं तेल गयानाच्या किनाऱ्याला लागतच नाही. विहिरी जवळजवळ २०० किलोमीटर आत, दीड किलोमीटरहून खोल पाण्यात. तुमच्यासारखे तळाशी पाय रोवलेले प्लॅटफॉर्म नाहीत, मोठाली जहाजंच विहिरींवर नांगरून ठेवलेली. तेल तिथेच पाणी-गॅसपासून वेगळं होतं, जहाजाच्या टाक्यांत साठतं आणि टँकर ते परस्पर परदेशी नेतात. २०२४ साली दिवसाला सहा लाख पिंपांच्या वर तेल निघत होतं. पण देशात रिफायनरी एकही नाही. जेमतेम आठ लाख वस्तीचा हा देश गाडीत घालायचं पेट्रोल बाहेरून आणतो.

आता हिशेब. एक्सॉन या अमेरिकी कंपनीला इथे २०१५ मध्ये तेल सापडलं आणि २०१६ मध्ये तिचा व तिच्या भागीदारांचा गयाना सरकारशी करार झाला. १०० पिंपांतली ७५ पर्यंत कंपन्या खर्चापोटी आधीच उचलतात. उरलेल्या २५ ची निम्मी वाटणी, म्हणजे देशाला साडेबारा, वर २ टक्के रॉयल्टी. झाले साडेचौदा. शेत अर्धेलीने लावायचं आणि बी-खताच्या नावावर चारातले तीन हिस्से धान्य खळ्यावरूनच उचलून न्यायचं, तसलाच हा प्रकार. कंपन्यांचा आयकरही सरकारनेच स्वतःच्या वाट्यातून भरायचा. खर्च फिटला की देशाचा वाटा वाढेल हे खरं, पण नव्या प्रकल्पांचा खर्चही याच खात्यात येऊन पडतो, मग तो फिटणार कधी? सही करणारं सरकार २०२० मध्ये गेलं. आताचं सरकार करार वाईट म्हणतं, पण मोडायला तयार नाही. मला यात सरळ अन्याय दिसतो.

आई, माझी घरमालकीण तुझ्याच वयाची आहे. तिचे पूर्वज कलकत्त्याहून ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आले. अशी पहिली जहाजं १८३८ मध्ये इथे लागली. ती दालपुरी अशी करते की तुला आवडेलच. सरकारने प्रत्येक प्रौढाला एक लाख गयानी डॉलर वाटले, तेव्हा तिने स्वयंपाकघराचे पत्रे बदलून घेतले. पण भाजी, घरभाडं, सगळंच चढलंय, आणि ज्यांच्या घरात तेलावर कामाला कुणी नाही त्यांनी काय करायचं? तिला भीती पाण्याची वाटते. भरतीला हे शहर समुद्राच्या पातळीखाली असतं. बंधाऱ्याच्या उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडावं लागतं, आणि भरती व पाऊस एकदम आले की आमच्या गल्लीत पोटरीएवढं पाणी. उद्या तेल सांडलं तर भरपाई कोण देणार, हे विचारत इथले दोन नागरिक कोर्टात गेले. मे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मूळ कंपनी एक्सॉनकडून अमर्याद हमी मागितली. अपिलात त्याला स्थगिती मिळाली आणि तूर्त दोन अब्ज अमेरिकी डॉलरची हमी द्यायला सांगितलं. केस साध्या नागरिकांनी उभी केली, याचं मला फार मोल वाटतं.

करार बदलणं माझ्या हातात नाही. पण माझ्याकडे पंप आणि व्हॉल्व्हचं काम शिकायला इथलीच मुलं येतात. त्यातली एक मुलगी, मच्छीमाराची, सीलमधली गळती नुसत्या आवाजावरून ओळखते. ही मुलं जहाजावर मोठ्या जागांवर गेली, तर मीटरवर किती तेल मोजलं जातंय आणि खर्चाच्या कागदावर काय चढतंय हे गयानाच्या माणसांना आतून कळेल. म्हणून यंदा परत यायचं म्हटलं होतं ते पुढे ढकलतेय. रागावू नका.

बाबा, तुमच्या देखभालीच्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. त्यातल्या सीलच्या आकृत्यांचे फोटो धाकट्याकडून पाठवा. इंग्रजी नावं मी घालून घेईन. आणि आई, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे याच महिन्यात जाऊन ये.

तुमची,
मनू