हांगझोऊला निघण्याआधी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. चीनमधल्या हांगझोऊच्या शाळेचा करार झाला, अभिनंदन. बॅगेत काय काय भरू असं तू विचारलंस, पण तिथली खरेदी अडते ती फोनवर. म्हणून आधी त्याचंच लिहितो.

तिथे पैसे देतात ते अलीपे आणि वीचॅट या ॲपमधून. भारतात त्यांच्यावर बंदी आहे, तेव्हा ती तिथे उतरल्यावर घे आणि त्यांना व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोड. रुपेच्या भरवशावर राहू नकोस. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून घे, बहुतेक कार्डांवर ते बंदच असतात. ओटीपी भारतीय नंबरवर येणार, तेव्हा ते सिम रोमिंगसह जिवंत ठेव. व्हॉट्सॲप, जीमेल तिथल्या वायफायवर चालत नाहीत. रोमिंगच्या डेटावर चालतात. वीचॅट कधी कधी नव्या खात्यासाठी जुन्या सदस्याची साक्ष मागतं, तेव्हा मला फोन कर.

परदेशी कार्डावर 200 युआनपर्यंतच्या बिलाला शुल्क नाही, त्यावर गेलं की 3 टक्के. 380 चा किराणा असेल तर दोन बिलं करायला सांग. या कार्डातून दुकानाला पैसे जातात, माणसाला नाही. कोथिंबीरवाल्या आजीचा कोड तिच्या खाजगी खात्याचा असला, तर अडू शकतं. म्हणून खिशात 5, 10, 20 च्या नोटा असू देत.

चिनी बँकेत खातं उघडलं की हे प्रश्न मिटतात, पण तिथे खरी गोम आहे नावाची. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव तुझ्या नावाला चिकटलेलं असतं. तिथलं सिम देणारा एक क्रम टाकतो, बँकेतली मुलगी दुसरा, कुणी मधलं नाव गाळतं. मग अक्षरं जुळत नाहीत म्हणून खातं अलीपेला जोडलंच जात नाही, आणि का नाही ते पडद्यावर धड लिहिलेलं नसतं. दोन्हीकडे सही करण्याआधी नाव अक्षर-अक्षर वाच, मधली मोकळी जागासुद्धा.

घरात राहायला गेलास की 24 तासांत पोलीस ठाण्यात नोंदणी, आणि देशात शिरल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. त्यासाठी पासपोर्ट जमा होतो, तेव्हा सिमचं काम त्याआधीच उरक. घरभाडं बहुधा एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं आगाऊ, म्हणजे हातात चार महिन्यांची रक्कम हवी.

आता मंडई. भाव 'जिन'वर असतो. जिन म्हणजे 500 ग्रॅम. सुपरमार्केटात मात्र पाटीवर 500 ग्रॅम की किलो ते बघूनच घे. भाव बोटांनीही सांगतात. अंगठा आणि तर्जनी ताणून धरली की ते आठ, आपण दोन समजतो. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा.

दोडकी, कारली, चवळीच्या शेंगा, भेंडी, कोथिंबीर सगळं मिळतं. अख्खे मूग मिळतात. लाल दाणे दिसले की राजमा समजू नकोस, ती बहुतेक अझुकी असते, गोड पदार्थांत घालायची. तूरडाळ साध्या बाजारात नाहीच. त्यासाठी शेजारच्या शाओशिंग शहरातलं कछ्याओ गाठ. कापडाच्या घाऊक बाजारामुळे तिथे भारतीय व्यापारी आहेत, त्यांच्या मागे भारतीय वाणसामान आणि खानावळी आल्या. हांगझोऊहून मेट्रो जाते. जिरं मात्र कुठेही मिळतं, पश्चिम चीनमधल्या शिनजियांगच्या जिरं लावलेल्या कबाबांची कृपा! खसखस चुकूनही नेऊ नकोस, तिथे ती खाण्यासाठी विकायलाही बंदी आहे.

दही बहुतेक गोड असतं. बिनसाखरेचं शोध आणि त्याचंच विरजण लाव. पनीरला फ्रिजमधलं दूध घे. फडताळावरच्या खोक्यातल्या दुधाचं पनीर भुसभुशीत होतं. शाकाहार 'मांस नको' एवढ्यावर भागत नाही. डुकराची चरबी, कोंबडीची पूड आणि ऑयस्टर सॉस ही तिन्ही नावं चिनीत फोनवर ठेव आणि शाळेच्या कँटीनमध्ये दाखव.

ताओबाओ या ऑनलाइन खरेदीच्या ॲपवर पत्ता चिनीतच हवा, शाळेतल्या सहकाऱ्याकडून एकदा लिहून घे. पार्सल बहुधा दारात येत नाही. सोसायटीच्या पार्सल केंद्रात जातं, फोनवर आकड्यांचा कोड येतो आणि त्यातच फळीचा नंबर असतो. बऱ्याच मालावर सात दिवसांत विनाकारण परत करायची सोय आहे, ताज्या खाण्याच्या वस्तू सोडून. चिनी नववर्षाच्या आसपास कुरिअर मंदावतात, तेव्हा तांदूळ-पीठ आधीच भर.

हांगझोऊत सरकारी हीटिंग नाही, ते उत्तरेकडे. जानेवारीत घरातही बोटं गारठतात. विजेचं ब्लँकेट तिथेच घे. जूनमधल्या पावसात कपाटाला बुरशी लागते, तेव्हा ओल शोषणारे डबे ठेव.

वीज 220 व्होल्ट, मिक्सर चालेल. पण आपल्या गोल पिना बसत नाहीत, अडॅप्टर ने. कुकर नेणार असशील तर इंडक्शनवर चालणाराच घे, साध्या ॲल्युमिनियमचा उपयोग नाही.

घर शाळेने दिलं की स्वतः शोधायचंय, ते कळव.

तुझा,
अविनाश