हॉटेलच्या खोलीतली कॉफी कॅप्सूल पुढे कुठे जाते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली बारा वर्षं मी हॉटेलांच्या हाउसकीपिंगमध्ये काम करते. सुरुवातीला खोल्या आवरायचे, आता दोन मजल्यांची देखरेख माझ्याकडे आहे. प्लॅस्टिकच्या कचऱ्याविषयी आपल्या पानांवर बरंच छापून येतं, पण आमच्या हातात रोज येणाऱ्या एका वस्तूबद्दल मी क्वचितच वाचलं आहे. खोलीतल्या मशीनमध्ये घालायची, एका कपापुरती कॉफीची प्लॅस्टिक कॅप्सूल.

पाहुणा गेला की मशीनच्या पोटातला कप्पा आम्ही ओढून काढतो. आत तीन-चार वापरलेल्या कॅप्सूल असतात आणि तळाशी तपकिरी पाणी साचलेलं असतं. एकदा सुट्टीच्या वेळेत मी त्यातली एक कात्रीने उघडून पाहिली. वर फॉइलचं झाकण, काठाला इतकं घट्ट चिकटवलेलं की नखाने निघेना. आत गाळणकागद, त्यात दाबून बसलेला ओला चोथा आणि बाहेरून प्लॅस्टिकची वाटी. अनेक कॅप्सूलमध्ये ही वाटीसुद्धा एकाच प्लॅस्टिकची नसते. हवा आत शिरून कॉफीचा वास उडू नये म्हणून मध्ये दुसऱ्याच प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. झाकण सोलून, चोथा खरवडून, वाटी विसळून वेगळी करायला मला तीन मिनिटं लागली. अख्खी खोली आवरायला आम्हाला अर्धा तास मिळतो.

म्हणजे होतं काय, की कॅप्सूल आहे तशी ट्रॉलीच्या पिशवीत जाते. त्या पिशवीत वर्तमानपत्रं असतात, पुठ्ठ्याची खोकी असतात, रिकाम्या बाटल्या असतात. कॅप्सूलमधून झिरपलेल्या पाण्याने कागद भिजतो आणि जो माल रद्दीत गेला असता तोही बाद होतो. पुढे कचरा वेगळा करणाऱ्या केंद्रात ही पिशवी पोहोचली तरी कॅप्सूलचं नशीब फारसं बदलत नाही. तिथल्या चाळण्यांमधून साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू काचेच्या तुकड्यांबरोबर आणि मातीबरोबर खाली गळतात. हा गाळ पुरला जातो किंवा जाळला जातो.

आकडा लहान वाटत असेल तर साधा हिशोब मांडून पाहावा. १०० खोल्यांचं हॉटेल, रोज ७० खोल्या भरलेल्या, प्रत्येक खोलीत दिवसाला २ कॅप्सूल. वर्षाला ५१,१०० कॅप्सूल होतात, आणि हे फक्त एका मध्यम आकाराच्या हॉटेलचं झालं. शिवाय उघडल्याही न गेलेल्या कॅप्सूल वेगळ्याच. पाणी सांडलेल्या ट्रेमध्ये सापडल्या की त्या पुढच्या पाहुण्याला देता येत नाहीत, सरळ फेकाव्या लागतात.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं: ‘डब्यावर लिहिलंय ना, रिसायकल होते म्हणून.’ या तीन शब्दांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कॅनडामध्ये क्युरिग या कॉफी मशीनच्या कंपनीने आपल्या पॉडबद्दल, म्हणजे अशाच प्लॅस्टिक कॅप्सूलबद्दल, असाच दावा केला होता. तिथल्या स्पर्धा आयोगाच्या चौकशीत दिसलं की दोन प्रांत सोडले तर बाकी बहुतेक ठिकाणी पालिकांची यंत्रणा हे पॉड स्वीकारतच नाही. २०२२ मध्ये कंपनीला ३० लाख कॅनेडियन डॉलरचा दंड भरायला लागला. २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने त्याच उद्योगसमूहाला १५ लाख डॉलरचा दंड केला, कारण पॉडच्या रिसायकलिंगबद्दल दोन मोठ्या रिसायकलिंग कंपन्यांनी व्यक्त केलेली नाराजी त्याने आपल्या वार्षिक अहवालात सांगितली नव्हती. क्युरिगची ही मशीन घडवणाऱ्यांपैकी एक, जॉन सिल्वन, यांनीच २०१५ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की आपण हे केलं याचं कधीकधी वाईट वाटतं.

‘कंपोस्ट होणारी’ कॅप्सूल आणली की प्रश्न सुटला, असंही नाही. ज्या युरोपीय मानकावर असा शिक्का मिळतो, त्यातली चाचणी मोठ्या प्रकल्पातल्या सुमारे ५८ अंश उष्णतेत होते. आमच्या पिशवीतून ती कचराभूमीवर गेली तर त्या शिक्क्याला काही अर्थ उरत नाही. आणि प्रकल्पापर्यंत पोहोचली तरी तिथल्या कामगाराला ती साध्या प्लॅस्टिकसारखीच दिसते, म्हणून तो ती उचलून बाजूला टाकतो. त्याला दोष कसा द्यायचा?

ॲल्युमिनियमच्या कॅप्सूलची गोष्ट जरा बरी आहे. तो धातू पुन्हापुन्हा वितळवता येतो आणि खनिजापासून नवा बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. पण त्यासाठी कॅप्सूल वेगळी जमवून कंपनीकडे परत जायला हवी. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे हा प्रयोग झाला. पुरवठादाराने पिशव्या दिल्या, आम्ही मन लावून गोळा केलं. सर्व्हिस जिन्याखाली सात पिशव्या जमल्या. न्यायला कुणी आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पिशव्यांतून पाणी गळायला लागलं, मुंग्या लागल्या, बुरशीचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत आला, आणि एका रात्री वरून निरोप आला की टाकून द्या. ज्या मुलींनी त्या कॅप्सूल एकेक करून वेचल्या होत्या, त्यांनाच त्या पिशव्या कचऱ्याच्या गाडीत चढवायला लावलं. त्या दिवसानंतर त्यांना पुन्हा वर्गीकरण करायला सांगताना मला संकोच वाटतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की हा प्रश्न कचरापेटीपाशी सुटणार नाही. पाहुण्याला आणि रूम अटेंडंटला शहाणपण शिकवूनही नाही. तो खरेदी विभागाच्या टेबलावर सुटेल, जिथे मशीन कोणती घ्यायची हे ठरतं. एकदा कॅप्सूलचं मशीन खोलीत बसलं की पुढची पाच-सात वर्षं कचराही ठरून जातो.

कॅप्सूलच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. तिच्यात कॉफी मोजून, साधारण ५ ते ६ ग्रॅम असते, वाया जात नाही. कॉफी पिकवायला जमीन, पाणी, खत, श्रम सगळं लागतं, त्यामुळे कॉफी ओतून देणं हेही नुकसानच आहे. नाश्त्याच्या वेळी मोठ्या थर्मासमध्ये भरून ठेवलेली आणि अकरा वाजता मोरीत ओतलेली कॉफी मी रोज पाहते. कॅप्सूल काढून तिच्या जागी थर्मास ठेवणं हा उपाय नव्हे.

उपाय आहे तो प्रत्येक मजल्याच्या पँट्रीत दाणे दळून कप भरून देणारं एक मशीन. मागाल तेवढीच कॉफी दळली जाते, चोथ्याची कोरडी वडी खालच्या डब्यात पडते आणि ती थेट ओल्या कचऱ्यात किंवा बागेच्या खतात जाते. १ किलोच्या पिशवीत शंभराहून जास्त कप निघतात. ती पिशवीही प्लॅस्टिकचीच असते, हे खरं, पण शंभर वाट्या आणि शंभर झाकणांच्या जागी एकच. खोलीतच कॉफी हवी असेल तर दाबाची काचेची किटली (फ्रेंच प्रेस) आणि दळलेल्या कॉफीची बरणी ठेवता येते, किंवा दोन गाळणकागदांत ७ ग्रॅम कॉफी बसवलेले चपटे कागदी पॉड मिळतात. फक्त ते एकेक प्लॅस्टिकच्या पाकिटात गुंडाळलेले घेऊ नयेत, नाहीतर फिरून तिथेच.

ज्यांना पँट्रीपर्यंत चालत जाणं जमत नाही, वयस्कर किंवा आजारी माणसं, त्यांना खोलीत कॉफी पोहोचवायलाच हवी, आणि आम्ही ती आनंदाने पोहोचवू. पण प्रत्येक खोलीत न मागता चार कॅप्सूल मांडून ठेवणं थांबवता येईल. माझ्या एका मजल्यावर काही दिवस आम्ही ‘हवी असल्यास सांगा, लगेच आणून देऊ’ अशी चिठ्ठी ठेवून पाहिली. बहुतेकांनी कॅप्सूल मागितल्याच नाहीत आणि तक्रार एकही आली नाही.

पाहुणे नाराज होतील ही भीती शाम्पूच्या छोट्या बाटल्यांच्या वेळीही दाखवली गेली होती. आज भिंतीवर मोठ्या बाटल्या बसल्या आहेत आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कॅलिफोर्नियात २०२३ पासून मोठ्या हॉटेलांना त्या छोट्या बाटल्या देण्यास कायद्याने मनाई आहे, युरोपीय संघात २०३० पासून असेल. कॅप्सूलवर तिथे अजून बंदी नाही, पण २०२५ च्या नव्या नियमांत तिला पॅकेजिंग मानलं आहे, म्हणजे तिच्या कचऱ्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते. हॅम्बुर्ग शहराने तर २०१६ मध्येच सरकारी पैशाने कॅप्सूल कॉफी घेणं बंद केलं.

जी हॉटेलं आपल्या संकेतस्थळावर हिरव्या पानाचं चित्र लावतात, त्यांनी त्याखाली दोनच आकडे द्यावेत अशी माझी मागणी आहे. वर्षभरात किती कॅप्सूल विकत घेतल्या आणि किती परत गेल्या. आपल्या वार्ताहरांनी हे दोन आकडे हॉटेलांकडे मागावेत. पहिला कुठल्याही खरेदी विभागात पाच मिनिटांत मिळेल. दुसऱ्यासाठी आमच्या नोंदवहीत अजून रकानाच नाही.

आपली,
हाउसकीपिंगमध्ये काम करणारी एक वाचक